तोंड नाही, पोट नाही, तरी हाडाचा फडशा

फेब्रुवारी २००२. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीजवळच्या समुद्रात २,८९१ मीटर खोलीवर 'टिब्युरॉन' ही दूरनियंत्रित पाणबुडी फिरत होती. शोध होता शिंपल्यांचा. समोर आला करड्या देवमाशाचा सांगाडा, आणि त्याच्या हाडांवर लालभडक तुऱ्यांच्या किड्यांचं रान माजलेलं.

२००४ मध्ये या किड्यांचं बारसं झालं: ओसेडॅक्स, म्हणजे लॅटिनमध्ये हाडखाऊ. गंमत अशी की खायला याला तोंडच नाही. आतडं नाही, गुदद्वारही नाही. वर डोलणारा तुरा म्हणजे त्याचे कल्ले, लाली हिमोग्लोबिनची. खरा कारभार हाडाच्या आत चालतो. तिथे किड्याचं खालचं टोक हिरवट मुळांसारखं फांद्या फोडत पसरतं.

ही मुळं काय करतात ते घरी बघता येतं. कोंबडीच्या तंगडीचं साफ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये बुडवा, दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवड्याभरात हाड रबरासारखं वाकतं. खनिज आम्लात विरघळून गेलं, मागे उरलं कोलॅजन, म्हणजे हाडातलं लवचीक प्रथिन. ओसेडॅक्सही आम्लच सोडतो. त्याच्या मुळांच्या पेशींत प्रोटॉन, म्हणजे आम्लता आणणारे कण, बाहेर ढकलणारे पंप खच्चून भरलेले असतात, हे २०१३ मध्ये दिसून आलं. आपल्या शरीरात जुनं हाड झिजवणाऱ्या पेशीही असाच पंप वापरतात. खनिज गेलं की कोलॅजन आणि चरबी मोकळी होते, मुळांची त्वचा ती शोषते. मुळांतच मुक्कामाला जिवाणूही असतात. समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांजवळच्या चुलतभावंडांचे जिवाणू रसायनांपासून अन्न बनवतात. इथले मात्र आयत्या सेंद्रिय मालावर जगतात.

तुरेवाले हे जवळपास सगळे किडे माद्या. नर बहुतेक सूक्ष्म, मादीच्या अंगाभोवतीच्या नळीत दाटीवाटीने राहणारे; एकीच्या नळीत शंभराहून जास्त सापडले आहेत. अळीच्या रूपातच ते वयात येतात आणि अंड्यातून आलेल्या बलकाच्या शिदोरीवर दिवस काढतात.

नमुना घेताना हमखास होणारी चूक म्हणजे चिमट्याने किडा उपटणं. धोका जाणवताच तो नळीत आक्रसतो. ओढला तर तुटतो, आणि मुळं नि अंडाशय दोन्ही हाडातच राहतात. म्हणून हाडाचा तुकडाच वर आणायचा आणि सावकाश कोरायचा. डीएनए हवा असेल तर फॉर्मलिन टाळून अल्कोहोलच वापरावं, कारण फॉर्मलिनने डीएनए खराब होतो.

देवमासा नेमका केव्हा आणि कुठे मरून बुडेल याचा भरवसा नाही, म्हणून प्रयोगासाठी गाईची हाडंही समुद्रतळाशी ठेवली गेली. त्यांवरही ओसेडॅक्स उगवला! माशांच्या हाडांचंही त्याला वावडं नाही. आवड तशी जुनीच: सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या प्लेसिओसॉर या सागरी सरीसृपाच्या हाडांत, सीटी स्कॅनखाली, तोंडाशी अरुंद आणि आत फुगीर अशी त्याची बिळं २०१५ मध्ये ओळखू आली. देवमासे तेव्हा जन्मालाही आले नव्हते.