पाऊण सेकंदाची भेट : आमवात, फुप्फुसं आणि वटवाघूळ

जिना चढताना मधल्या वळणावर कुणी थांबलं की आपण विचारतो, "काय झालं?" आमवात असलेल्या माणसाचं उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही, गुडघे." विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि सांगणाऱ्याचंही. पण काही जणांना त्या वळणावर गुडघ्यांनी थांबवलेलं नसतं. त्यांना धाप लागलेली असते आणि ती त्यांची त्यांनाही कळलेली नसते. सांधे दुखतात म्हणून चालणं आधीच कमी झालेलं, जिना शक्यतो टाळलेला. फुप्फुसांची परीक्षा पाहणारा प्रसंगच दिवसभरात येत नाही. मला आमवाताच्या बाबतीत सर्वांत जास्त काळजी या झाकलेल्या धापेची वाटते.

आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो आजार, आपल्याला हातांवरून ओळखता येतो. सकाळी तासभर न वळणारी बोटं, सुजलेली पेरं, घट्ट आवळता न येणारी मूठ. मुळात मात्र हा रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार आहे, आणि ती सांध्यांपाशी थांबत नाही. सांधे आणि फुप्फुसं यांचं हे नातं १९४८ साली एलमन आणि बॉल या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांच्या आधारे मांडलं. आज आपल्याला माहीत आहे की साधारण दहातल्या एका रुग्णात फुप्फुसाचा आजार त्रास देण्याइतका वाढतो. सिटी स्कॅनवर बारीक खुणा तर त्याहून बऱ्याच जास्त जणांत दिसतात.

तिथे नेमकं काय बिघडतं हे समजायला एका भिंतीपाशी जावं लागेल. आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. प्रत्येकाभोवती केसाहून कितीतरी बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त आणि मध्ये मायक्रोमीटरपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, पातळ पडदा. रक्तातली एक तांबडी पेशी या पडद्याला घासून जाते तेव्हा, माणूस शांत बसलेला असताना, तिला तिथे सुमारे पाऊण सेकंद मिळतो. ऑक्सिजन भरून घ्यायला तिला पाव सेकंद पुरतो. उरलेला अर्धा सेकंद ही आपली शिल्लक. धावू लागलो की रक्ताचा वेग वाढतो, भेटीची वेळ आखडते आणि ही शिल्लक कामी येते.

ही शिल्लक किती ताणता येते हे पाहायचं तर वटवाघळाकडे पाहावं. वटवाघूळ आपल्यासारखंच सस्तन प्राणी आहे. पक्ष्यांची फुप्फुसं वेगळ्या घडणीची असतात. त्यांत हवा एकाच दिशेने वाहत राहते आणि हवेच्या पिशव्या भात्याचं काम करतात. वटवाघळाला ही सोय नाही. त्याची फुप्फुसं आपल्याच जातीची, हवा ज्या वाटेने आत येते त्याच वाटेने बाहेर जाते. तरीही सस्तन प्राण्यांत पंख मारत खरंखुरं उडणारं तेवढंच. पंख पसरलेलं वटवाघूळ उजेडासमोर पाहिलं तर त्या पातळ कातडीतून लांबलचक बोटांची हाडं आणि रक्तवाहिन्यांची नक्षी दिसते. तो पंख म्हणजे हातच. अंगठा तेवढा वर मोकळा, नखासकट.

असा हात हलवत हवेत राहायला प्रचंड ऑक्सिजन लागतो. त्यासाठी वटवाघळाने नवं इंद्रिय घडवलं नाही. आहे तेच टोकाला नेलं. त्याच आकाराच्या इतर सस्तन प्राण्यांच्या मानाने त्याचं हृदय खूप मोठं आहे, फुप्फुसं छातीत जास्त जागा व्यापतात, रक्तात तांबड्या पेशींची दाटी असते. एका छोट्या फळखाऊ जातीच्या वटवाघळांवर हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बसवली, तेव्हा उडताना मिनिटाला ९०० पर्यंत ठोके नोंदले गेले, म्हणजे सेकंदाला १५. त्याच प्राण्याचे ठोके विश्रांतीत मधूनमधून २०० पर्यंत उतरत होते. रक्त इतक्या वेगाने पळत असेल तर पाऊण सेकंदाची चैन कुठली? मग भिंतच पातळ हवी. जॉन मैना या केनियाच्या शरीररचनातज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वटवाघळांची फुप्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. एका जातीत हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा सरासरी ०.१२ मायक्रोमीटर भरला. आपला त्याच्या काही पट जाड असतो. इतका पातळ पडदा इतक्या धावपळीत फाटत कसा नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

आमवातात याच्या नेमकं उलट घडतं. वायुकोशांच्या भिंतींत दाहाच्या पेशी जमतात, त्यामागून तंतू तयार होतात आणि जखमेचा वण धरावा तशी ती नाजूक भिंत जाड व ताठ होते. आता तांबड्या पेशीला ऑक्सिजन भरायला पाव सेकंद पुरत नाही. बसल्याजागी शिलकीवर निभावतं, म्हणून बोटाला लावलेला ऑक्सिमीटर छान आकडा दाखवतो. माणूस भरभर चालला की भेटीची वेळ आखडते आणि आकडा घसरतो. बसवून तपासलेला रुग्ण निरोगी वाटतो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

सुरुवात सांध्यांत होते की फुप्फुसांत, हा प्रश्नही उघडा आहे. सिगारेटच्या धुराने फुप्फुसातल्या काही प्रथिनांची घडण थोडी बदलते आणि प्रतिकारयंत्रणेला ती परकी वाटू लागतात. त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं पहिला सांधा सुजण्याच्या कित्येक वर्षं आधी रक्तात सापडू शकतात. म्हणून ठिणगी फुप्फुसात पडते आणि आग सांध्यांत दिसते, असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे. आमवात बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त होतो, पण फुप्फुसं जाड होण्याचा धोका पुरुषांना, सिगारेट ओढणाऱ्यांना आणि उतारवयात अधिक.

भिंतीखेरीज इतरही जागा सुटत नाहीत. फुप्फुसावरणात पाणी साचतं, आणि त्या पाण्यात साखर चकित करण्याइतकी कमी असते. श्वासनलिका सैल पडून वारंवार कफ होतो. फुप्फुसात गाठी येतात. अँथनी कॅप्लन यांनी १९५३ मध्ये वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांत आमवात आणि कोळशाची धूळ एकत्र आल्यावर उठणाऱ्या अशा गाठी दाखवून दिल्या.

इथे वटवाघळाकडे पुन्हा वळावंसं वाटतं. दाह भडकवणारा टीएनएफ नावाचा एक रेणू आहे. आमवाताच्या उपचारांत क्रांती झाली ती त्याला रोखणाऱ्या औषधांनी. लंडनमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी त्याचा पाया घातला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एका कीटकभक्षी वटवाघळाच्या पेशींना विषाणूसारखी चिथावणी दिली, तरी हा टीएनएफ फारसा तयार होत नाही, कारण त्याच्या जनुकाशेजारीच लगाम बांधलेला आहे. दाह सुरू करणारी इतर काही यंत्रंही वटवाघळांत मंद केलेली आढळतात. म्हणून वटवाघळापासून उद्या आमवाताचं औषध निघेल, असं नाही. पण आपण बाहेरून जो लगाम घालू पाहतो, तो एका सस्तन प्राण्याच्या जनुकांतच आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

निदान बऱ्याचदा कानाने सुरू होतं. पाठीवर, खालच्या बरगड्यांपाशी स्टेथोस्कोप ठेवून खोल श्वास घ्यायला लावला, तर श्वासाच्या शेवटी बुटाचा वेल्क्रोचा पट्टा हळूच उपसल्यासारखी चरचर ऐकू येते. पुढे सिटी स्कॅन. आणि एक साधीशी पण हुशार तपासणी : रुग्णाला किंचित कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा ओढायला देतात, सुमारे दहा सेकंद श्वास रोखायला सांगतात आणि परत आलेल्या हवेत तो वायू किती उरला ते मोजतात. जेवढा उरला नाही तेवढा भिंत ओलांडून रक्तात गेला. म्हणजे थेट भिंतीचीच विचारपूस.

मेथोट्रेक्सेट या नेहमीच्या औषधाने फुप्फुसाला क्वचित अचानक सूज येते, ताप, खोकला, धाप यांसह, आणि तेव्हा ते लगेच थांबवावं लागतं. एवढं ऐकून पुष्कळ जण गोळी परस्पर सोडतात. पण हळूहळू जाड होत जाणाऱ्या फुप्फुसाचा दोष अलीकडच्या अभ्यासांनी या औषधावर ठेवलेला नाही, आणि गोळी सोडली की सांधे पुन्हा पेटतात. कोरडा खोकला किंवा नवी धाप जाणवली तर ती डॉक्टरांना सांगावी, गोळीचा निर्णय त्यांच्याशी बोलून घ्यावा. वण वाढतच चालला असेल तर २०२० पासून निंटेडॅनिब हे औषध अशा फुप्फुसांसाठी मान्य आहे. ते वणाची वाढ मंदावतं. झालेला वण मात्र त्याने पुसला जात नाही, म्हणून भिंत अजून पातळ असतानाच त्या चरचरीकडे कान द्यावा लागतो.