जुन्या एसीत कोणता गॅस भरायचा?

दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या स्प्लिट किंवा विंडो एसीच्या लेबलवर बहुतेक वेळा ‘आर-२२’ असं छापलेलं सापडतं. या गॅसच्या रेणूत क्लोरीन असतो आणि तो वरच्या वातावरणात पोचला की ओझोनचा थर खातो. म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल कराराखाली तो जगभर टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे. अमेरिकेत नव्या आर-२२चं उत्पादन आणि आयात २०२०च्या सुरुवातीला थांबली. भारतासारख्या देशांना २०३०पर्यंत मुदत आहे, आणि पुढची दहा वर्षं जुनी यंत्रं दुरुस्त करण्यापुरता अगदी थोडा साठा मिळेल. तोवर गॅस महाग होत जाणार, आणि मेकॅनिक विचारणार, ‘दुसरा भरू का?’

माझं मत स्पष्ट आहे. घरगुती एसीत शक्यतो दुसरा गॅस भरू नये. एसी हा त्याच्या गॅसभोवतीच बांधलेला असतो. कॉम्प्रेसरचा आकार, तांब्याच्या नळीची जाडी, कॅपिलरीचं (गॅसचा दाब उतरवणाऱ्या बारीक नळीचं) भोक, आतलं ऑइल, सगळं त्या एका गॅसच्या हिशोबाने ठरतं.

दाबाचंच बघा. आर-२२चा एसी नीट चालू असताना जाड नळीवर गेज लावला तर साधारण साठ-सत्तर पीएसआय (दाबाचं एकक) दिसतात. नव्या एसीतल्या आर-४१०एवर तोच आकडा ११० ते १३०पर्यंत जातो, आणि बाहेरच्या कॉइलमधला दाब आर-२२च्या दीडपटीहून जास्त असतो. नव्या एसीतलाच दुसरा गॅस, आर-३२, आणखी थोडा वर. आर-२२साठी बनवलेलं आऊटडोअर युनिट हा दाब पेलण्यासाठी नसतंच. त्यामुळे नव्या एसीत हे दोन्ही गॅस असले तरी जुन्यात ते भरणं हा सरळ धोका आहे.

दाब जुळतो तो आर-४०७सीचा. हे तीन वायूंचं मिश्रण आर-२२ची जागा घेण्यासाठीच तयार झालं. पण इथे ऑइल आडवं येतं. आर-२२ खनिज तेलात विरघळतो. कॉम्प्रेसरमधून गॅसबरोबर निसटलेलं थोडं तेल तो सगळीकडे फिरवून परत आणतो. आर-४०७सीला हे जमत नाही. तेल आतल्या कॉइलमध्ये साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडत जातो. म्हणून खनिज तेल काढून पीओई नावाचं कृत्रिम ऑइल भरावं लागतं. घरगुती कॉम्प्रेसर वेल्ड करून बंद केलेला असतो, त्याला तेल काढायची चावी नसते. तो कापून, बाहेर काढून, उलटा करून रिकामा करायचा. शिवाय पीओई हवेतली ओल झपाट्याने शोषतं आणि ओल राहिली तर आत आम्ल तयार होतं. मुंबईच्या पावसाळ्यात आतली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप न लावता हे काम करणं म्हणजे कॉम्प्रेसर जाळायची तयारीच. मिश्रणातले तीन वायू वेगवेगळ्या तापमानाला उकळतात, म्हणून आर-४०७सी सिलिंडरमधून द्रवरूपातच भरायचा असतो. वाफेच्या रूपात भरला तर प्रमाणच बिघडतं.

या तेलाच्या कटकटीवर उपाय म्हणून आर-४२२डी, आर-४३८ए अशी मिश्रणं निघाली. त्यांत थोडं ब्यूटेनसारखं हायड्रोकार्बन असतं, ते खनिज तेल ओढून आणतं. सोय खरी, पण गारवा कमी मिळतो. आणि ज्या पर्यावरणासाठी हा खटाटोप, तिथे उलटंच चित्र आहे. एक किलो आर-२२ हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशोबाने सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. आर-४०७सी जवळपास तेवढीच, आर-४१०ए २,१००च्या आसपास, आर-४३८ए सुमारे २,३०० आणि आर-४२२डी तर २,७०० किलोइतकी. ओझोन वाचतो, तापमानवाढ मात्र वाढते. हीच अडचण ओळखून २०१६ साली रवांडातल्या किगालीत या नव्या वायूंनाही मॉन्ट्रियल करारात आणलं गेलं.

विदर्भासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. प्रत्येक वायूचं एक क्रांतिक तापमान असतं. त्याहून जास्त तापमानाला कितीही दाब दिला तरी वायूचा द्रव होत नाही, आणि त्या तापमानाच्या जवळ जाऊ लागलं की एसीचा दम निघतो. आर-२२चं हे तापमान ९६ अंश सेल्सिअस आहे, आर-४०७सीचं सुमारे ८६, आर-३२चं ७८, आर-४१०एचं ७१-७२. चंद्रपूर-नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश असताना आऊटडोअरच्या कॉइलमधला गॅस साठीच्या घरात असतो. नवा एसी घेतानाही तिथल्या लोकांनी हा आकडा विचारात घ्यावा.

प्रोपेन, म्हणजे आर-२९०, कागदावर सगळ्यांत उत्तम दिसतो: क्रांतिक तापमान ९७ अंशांच्या जवळ, दाब आर-२२च्या जवळचा, खनिज तेल चालतं, तापमानवाढ नगण्य. गोदरेजने २०१२च्या सुमारास भारतात त्यावर चालणारे एसी बाजारात आणले. पण ती यंत्रं मुळातच ज्वालाग्राही गॅससाठी, कमी गॅसवर चालतील अशी बनवलेली असतात. हवेत दोन टक्क्यांच्या वर प्रोपेन मिसळला की ठिणगी पुरते, आणि जुन्या एसीतले रिले, स्विच ठिणगी टाकतातच. कोणी स्वस्तात हा किंवा स्वयंपाकाचा गॅस भरून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मग करायचं काय? एसीतला गॅस खर्च होत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. दरवर्षी टॉप-अप करून घेण्याऐवजी नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने गळती शोधायला सांगा. नळ्यांच्या जोडावरचा फ्लेअर नट ढिला असेल तर तो घट्ट करून, व्हॅक्यूम काढून, आर-२२च वजन करून भरावा. एसी आणखी काही वर्षं जातो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेने कॉइलच खाल्ली असेल तर त्यात पैसे घालू नयेत, नवा घ्यावा. मात्र जुना देताना आतला गॅस नळी कापून हवेत सोडू देऊ नका. तो रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढता येतो, आणि शुद्ध केलेला आर-२२ दुसऱ्या कुणाच्या जुन्या एसीला पुरा पडतो.