पाळीव सापांना जिवंत भक्ष्य देणे

पाळीव सापाच्या पेटीत उंदरासारखा प्राणी जिवंत सोडून तो सापाला स्वतः मारून गिळू देण्याची पद्धत. साप पूर्णतः मांसाहारी असून भक्ष्य न चावता अख्खे गिळतात. त्यामुळे त्यांना हाडे, यकृत व आतड्यांसह संपूर्ण प्राणी लागतो, पण तो जिवंतच असला पाहिजे असे नाही. बॉल पायथन (अजगराची एक जात), कॉर्न स्नेक, बोआ इत्यादी पाळीव सापांपैकी बहुतेक आधी मारून गोठवलेले भक्ष्य स्वीकारतात.

‘निसर्गात असेच घडते’ हा जिवंत भक्ष्याच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद पेटीला लागू पडत नाही. रानात झडप फसली की उंदीर पळून जातो आणि सापही आपल्या वाटेने जातो. पेटीत दोघांनाही वाट नसते. उंदराचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि झिजून धारदार होतात. साप भुकेला नसेल, कात टाकण्यापूर्वी त्याचे डोळे धूसर झाले असतील किंवा पुरेशा उबेअभावी तो मंदावला असेल, तर रात्रभर सोबत ठेवलेला उंदीर त्याची कातडी, डोळे, प्रसंगी पाठीच्या कण्यापर्यंतचे मांस कुरतडतो आणि साप बहुधा प्रतिकारही करत नाही. अशा जखमा चिघळून साप दगावू शकतो.

हाल भक्ष्याचेही होतात. बोआवरील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, नीट बसलेल्या विळख्याने भक्ष्याचे रक्ताभिसरण काही सेकंदांतच कोलमडते. मात्र पकड चुकली तर मरण लांबते, आणि बंद पेटीतली त्याआधीची भीती तर कोणत्याच पकडीने टळत नाही.

गोठवलेले भक्ष्य फ्रीजमध्ये सावकाश वितळवून, नंतर बंद पिशवीतून गरम पाण्यात ठेवून आतपर्यंत उबदार करतात. मायक्रोवेव्हमध्ये ते असमान तापते व फुटू शकते, म्हणून तो टाळावा. अनेक अजगरांच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असल्याने लांब चिमट्यात धरून हलकेच हलवलेले उबदार भक्ष्य त्यांना जिवंत भासते. भक्ष्याची जाडी साधारणतः सापाच्या शरीराच्या सर्वांत रुंद भागाइतकी असावी. गोठवल्याने अनेक परजीवी मरतात, परंतु साल्मोनेला जीवाणू टिकून राहू शकतात. हात व भांडी धुणे म्हणूनच आवश्यक ठरते.

काही साप, विशेषतः जिवंत भक्ष्याला सरावलेले, हा बदल चटकन स्वीकारत नाहीत. निरोगी, प्रौढ बॉल पायथन कित्येक महिने उपाशी राहू शकतो, त्यामुळे वजन टिकून असेल तर घाईने जिवंत उंदीर सोडण्याचे कारण नसते. वजन घटू लागल्यास पशुवैद्याला दाखवावे. सर्व प्रयत्न फसून जिवंत भक्ष्य द्यावेच लागले, तर डोळे न उघडलेली पिल्ले प्रौढ उंदरापेक्षा कमी धोक्याची असतात. पाळणाऱ्याने समोरून हलू नये आणि सापाने काही मिनिटांत झडप घातली नाही, तर भक्ष्य लगेच बाहेर काढावे.