आस्लूम, ब्राहिम

(जन्म : ३१ जानेवारी १९७९). फ्रेंच मुष्टियोद्धा. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमधील ४८ किलो गटाचा सुवर्णपदक विजेता आणि पुढे व्यावसायिक मुष्टियुद्धातील जगज्जेता. आग्नेय फ्रान्समधील ल्योंजवळच्या बुर्ग्वँ-जालियू या गावी अल्जीरियन वंशाच्या कुटुंबात त्याचा जन्म झाला.

सिडनीला लढत दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्यांची असे आणि गुण यंत्रावर नोंदले जात. पाचपैकी तीन पंचांनी जवळजवळ एकाच क्षणी बटण दाबले तरच ठोसा मोजला जाई. जोरापेक्षा चपळाईला आणि स्वच्छ, दिसेल अशा ठोशाला भाव देणारी ही पद्धत आस्लूमच्या पथ्यावर पडली. त्याची खरी कसोटी अंतिम लढतीच्या बरीच आधी लागली. १९९९ चा हौशी विश्वविजेता, अमेरिकेचा ब्रायन विलोरिया याला त्याने अवघ्या ६–४ अशा गुणांनी हरवले. अंतिम लढतीत स्पेनच्या राफाएल लोझानोविरुद्ध मात्र २३–१० असा एकतर्फी निकाल लागला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये रॉजे मिशलो आणि झाँ देपो यांनी सुवर्णपदके जिंकल्यानंतर मुष्टियुद्धात फ्रान्सला मिळालेले हे पहिलेच सुवर्ण होते.

२००१ मध्ये तो व्यावसायिक झाला. येथे जागतिक किताबाची लढत तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्यांची, म्हणजे ऑलिंपिकच्या आठ मिनिटांऐवजी छत्तीस मिनिटांची. वरच्या फ्लायवेट गटात (सुमारे ५०.८ किलो) खेळून त्याने युरोपीय विजेतेपद मिळवले, पण जागतिक किताब दोनदा हुकला : २००५ मध्ये व्हेनेझुएलाच्या लोरेन्झो पार्राकडून आणि २००६ मध्ये अर्जेंटिनाच्या ओमार नार्वाएझकडून तो गुणांवर हरला. व्यावसायिक कारकिर्दीतील त्याचे पराभव हे एवढेच. नार्वाएझसुद्धा ऑलिंपिक खेळलेला डावखुरा आणि त्या काळी अपराजित होता, त्यामुळे या हारीवरून आस्लूमला कमी लेखणे बरोबर नाही.

यानंतर तो एक गट खाली, लाइट फ्लायवेटमध्ये (सुमारे ४९ किलो) उतरला. हा त्याच्या ऑलिंपिक वजनाच्या जवळचा गट, आणि हाच निर्णय सर्वांत शहाणपणाचा ठरला. डिसेंबर २००७ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये झालेल्या लढतीत अर्जेंटिनाच्या तोवर अपराजित असलेल्या हुआन कार्लोस रेवेकोला गुणांवर हरवून त्याने जागतिक मुष्टियुद्ध संघटनेचा (डब्ल्यूबीए) किताब घेतला. २००९ मध्ये तो निवृत्त झाला. २६ लढतींत २४ विजय त्याच्या नावावर आहेत. त्यांपैकी निम्म्याहून कमी नॉकआउटने मिळाले. व्यावसायिक झाल्यावरही त्याची भिस्त पायांवर आणि वेगावरच राहिली.

निवृत्तीनंतर ‘पॅरिस युनायटेड’ या मुष्टियुद्ध संघाच्या उभारणीत त्याने भाग घेतला. २०१३ च्या एका फ्रेंच चित्रपटात त्याने व्हिक्टर ‘यंग’ पेरेझची भूमिका केली. ट्युनिशियात जन्मलेला हा ज्यू मुष्टियोद्धा १९३१ मध्ये फ्लायवेटचा जगज्जेता झाला होता आणि ऑश्विट्झमधून कैद्यांना पायी हाकलत नेले जात असताना १९४५ मध्ये मारला गेला.