घाटाचा देखावा उभारताना
रेल्वे मॉडेलच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रूळ, इंजिन, डबे सगळं जमलं आणि गाडी नीट धावायला लागली की बहुतेक ग्राहक पुढच्या खेपेला डोंगर मागतात. आणि डोंगर म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं बोरघाटाचं. पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा हा पट्टा डोळ्यांपुढे ठेवूनच हे पत्रक लिहिलं आहे. मापं एचओची, म्हणजे 1:87 ची (खऱ्याच्या 87 पट लहान) आहेत. माथेरानच्या गाडीसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे.

आधी महिना ठरवा

गवत, रंग, झाडं यांपैकी काहीही विकत घेण्याआधी तुमच्या देखाव्यात कुठला महिना चालू आहे ते ठरवा. मे महिन्यात घाटातलं गवत वाळून भुरकट-पिवळं झालेलं असतं, साग उघडा पडलेला असतो, कातळ धुळकट राखाडी दिसतो. तोच कातळ जुलैत ओला काळाभोर होतो, त्यावर शेवाळ चढतं आणि घळीघळीतून पाणी कोसळत असतं. सप्टेंबरात सोनकी फुलते. डिसेंबरात गवत सोनेरी होतं, पण बरीचशी झाडं अजून हिरवी असतात. एकाच टेबलावर मेमधलं गवत आणि जुलैचा धबधबा आला, की बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

तयार मिळणारं कृत्रिम गवत मुख्यतः युरोपातल्या कुरणांच्या रंगाचं असतं, एकसारखं हिरवंगार. ते एकटं वापरू नका. मे महिन्यासाठी 4 मिमीच्या तंतूंमध्ये वाळक्या गवताचा आणि मातकट रंग जास्त, हिरवा अगदी चिमूटभर. जुलैसाठी निदान दोन हिरवे आणि जिथे पाणी साचतं तिथे एक गडद. स्टॅटिक ग्रास अॅप्लिकेटर (स्थिर विजेने गवताचे तंतू उभे बसवणारं यंत्र) वापरणार असाल तर ऐन पावसाळ्यात ते काम काढू नका. दमट हवेत तंतूंचे गोळे होतात, ते उभे राहत नाहीत.

चढ किती द्यायचा

बोरघाटाचा रेल्वेमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. त्याचा सर्वांत कठीण चढ 37 ला 1, म्हणजे मीटरभर अंतरात 2.7 सेंमी. मॉडेललाही हा चढ झेपतो. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायला साधारण 8 सेंमी उंची लागते. या चढाने ती गाठायला 3 मीटर लांबी हवी. आठ बाय चारच्या प्लायवर ती सरळ रेषेत बसत नाही, वळण घ्यावंच लागतं. खऱ्या घाटात कर्जतला मागून बँकर, म्हणजे गाडीला ढकलणारी जादा इंजिनं लावतात, तशी तुम्हीही लावा. दिसायला सुंदर, आणि गाडी चढावरून मागे घसरतही नाही.

जागा फारच कमी असेल तर आमची शिफारस 1929 पूर्वीच्या घाटाची आहे. तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं: गाडी एका टोकाला जायची आणि तिथून उलट दिशेने पुढचा चढ चढायची. 1929 मध्ये नवीन मार्गामुळे ते बंद झालं. वाफेच्या इंजिनाची आवड असलेल्याला इतक्या कमी जागेत इतकं काम देणारी दुसरी रचना आम्हाला माहीत नाही.

कातळ

इथे घाई करू नका. सह्याद्रीचा घाट ओळखू येतो तो कातळावरूनच.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसून हा डोंगर झाला आहे. त्यामुळे तो पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो: काळा उभा कडा, मग झाडीचा उतार, पुन्हा कडा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी मातीचा पातळ पट्टा असतो. बाहेरून येणारे तयार साचे वेगळ्या प्रकारच्या खडकांचे असतात, वेड्यावाकड्या भेगांचे. त्यात कितीही रंग ओतला तरी खंडाळ्याचा नागफणीचा कडा होत नाही.

आम्ही सुचवतो ती पद्धत स्वस्त आहे. ट्रेमध्ये प्लास्टिकचा कागद अंथरा. पाण्यात पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस टाका (पीओपीवर पाणी नव्हे), एक भाग पाण्याला दोन भाग पीओपी, आणि 1 सेंमी जाडीची लादी ओता. घट्ट झाली पण आतून अजून ओलसर आहे, अशा वेळी ती हाताने मोडा. कापू नका. मोडलेली कड खडबडीत आणि आडव्या थराची निघते, तीच हवी. तीन-चार तुकडे मोडलेली कड बाहेर ठेवून एकावर एक चिकटवले की एक कडा झाला. मग दोन बोटं मागे सरकून उतार द्या, आणि पुन्हा तुकडे रचा. फटी पातळ पीओपीने भरा, पण सगळ्या भरू नका. करवंदाच्या जाळ्या तिथेच लावायच्या आहेत.

रंग अॅक्रिलिकच घ्या. पोस्टर कलरवर नंतर फेविकॉलचं पाणी पडलं की तो सुटून वाहतो. आधी तपकिरी-राखाडी हात द्या. वाळल्यावर खूप पातळ केलेला काळा सोडा, तो फटींत आपोआप उतरतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखाडी फक्त कडांवरून फिरवा. हा शेवटचा हात मेच्या कातळावर सढळ, जुलैच्या कातळावर जवळपास नाहीच.

आतला सांगाडा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांच्या जाळीचा करा आणि त्यावर मेडिकलमध्ये मिळणारं प्लास्टर बँडेज ओलं करून अंथरा. दिवाळीत किल्ला केलेल्या हातांना हे शिकवावं लागत नाही. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, आम्ही तो ठेवत नाही. उरलेलं पीओपी बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात दगड होतो. चिकटवायला खळ वापरायची असेल तर मोरचूद घालूनच, नाहीतर पावसाळ्यात कसर लागते.

झाडं

सर्रास होणारी चूक म्हणजे बुटकी झाडं. 15 मीटरचा साग एचओत 17 सेंमी होतो. बाजारातलं 6 सेंमीचं झाड म्हणजे पाच मीटरचं, ते मागच्या उतारावर दूर दिसायला ठीक आहे. मोठी झाडं पुढे, लहान मागे, म्हणजे टेबल खोल वाटतं. फांद्यांसाठी वाळलेल्या तुळशीच्या काड्या उत्तम. पानोरा हवा तिथे घोसाळ्याची वाळलेली जाळी विंचरून, रंगवून लावा. मे महिना असेल तर साग बिनपानांचाच ठेवा. त्याने घाटाचा उन्हाळा लगेच उभा राहतो.

रुळांची खडी

भारतीय रेल्वेची खडी 20 ते 65 मिमीची असते. 1:87 मध्ये मोठ्यात मोठा खडा पाऊण मिमीचा झाला. बांधकामाची वाळू या मापात शिळा दिसते. रंग काळसर राखाडी हवा, आणि घाटात ब्रेकच्या गंजट धुळीमुळे रुळांलगत तपकिरी झाक हवी. किनाऱ्यावरची काळी वाळू आणू नका, तिच्यात लोहखनिजाचे कण असतात, ते इंजिनाच्या मोटरमध्ये शिरतात. कुठलीही माती किंवा वाळू वापरण्याआधी तिच्यातून लोहचुंबक फिरवून बघा.

खडी कोरडी पसरा, ब्रशने नीट बसवा, त्यावर स्पिरिटचा हलका फवारा मारा आणि मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी ड्रॉपरने सोडा. गाडी रूळ बदलते त्या सांध्यांच्या हलत्या पात्यांजवळ गोंदाचा थेंबही जाऊ देऊ नका.

पाणी आणि बोगदे

धबधब्यासाठी पारदर्शक सिलिकॉन सीलंट प्लास्टिकच्या कागदावर लांबट ओढून वाळवा, सोलून काढा, वरून पांढरा कोरडा ब्रश. डबक्यासाठी रेझिन एका वेळी 3 मिमीपेक्षा जाड ओतू नका, ते तापतं.

बोगद्याचं तोंड पक्कं करण्याआधी तुमच्याकडचा सर्वांत लांब डबा त्यातून फिरवा. एलएचबी डबा (भारतीय रेल्वेचा नव्या बनावटीचा प्रवासी डबा) 23.54 मीटरचा, म्हणजे मापात 27 सेंमी. वळणावर त्याचं पोट आत येतं आणि टोकं बाहेर जातात. आतल्या भिंती वीतभर काळ्या करा. आणि मागच्या बाजूला हात जाईल एवढी झडप ठेवा. गाडी घसरते ती बोगद्यातच.

माथेरानची गाडी

1907 ची ही लाइन दोन फुटी आहे, चढ 20 ला 1 पर्यंत. इथे 1:87 ऐवजी 1:76 माप घ्या आणि रूळ एन या लहान मापाच्या मॉडेलचे, 9 मिमी रुंदीचे वापरा. प्रमाण डोळ्याला पटतं. माणसं, घरं, स्टेशनंही मग त्याच मापाची हवीत. लाल मातीसाठी माथेरानला जाऊन उकरू नका, तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित आहे. नर्सरीतली लाल माती वाळवून, तव्यावर भाजून, मैद्याच्या चाळणीने चाळली की झालं. गोंद लागल्यावर माती गडद होते, म्हणून हवी त्यापेक्षा एक छटा फिकट निवडा.

दुकानात येताना

टेबलाची लांबी-रुंदी, सर्वांत लांब डब्याचं नाव आणि तुम्ही ठरवलेल्या महिन्यात काढलेले घाटाचे दोन-चार फोटो आणा. फोटो डब्यातून सुरक्षितपणे किंवा स्टेशनवरून काढा. रुळांत उतरून नको. रंगाचे नमुने आम्ही त्या फोटोंशेजारी ठेवून दाखवतो. छोट्या पुड्याही मिळतात, घरच्या उजेडात तपासून मगच मोठी खरेदी करा, कारण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हिरवा रंग वेगळाच दिसतो.