इंजिन बदलताय? आधी टॉप गिअरचं गणित करा

गाडीत मोठं इंजिन टाकायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो किती बीएचपीचं, आणि लगेच दुसरा, मग ॲव्हरेजचं काय होणार. बहुतेक जण धरूनच चालतात की पिकअप वाढला की ॲव्हरेज पडणारच. थोडं पडतं हे खरं आहे, पण जेवढं पडतं त्यातलं बरंचसं इंजिनच्या माथी मारलं जातं आणि खरा घोळ असतो जुनाच गिअर रेशो (चाकाच्या एका फेरीला इंजिनने किती फेऱ्या मारायच्या ते प्रमाण) तसाच ठेवण्यात. हे आधी कळलं पाहिजे, कारण सगळा खर्च होऊन गेल्यावर कळून काही उपयोग नाही.

सुरुवात इथून करू की गाडीला ताकद लागते तरी किती. साधारण १२०० किलोची छोटी कार सपाट रस्त्यावर ताशी ८० ने चालती ठेवायला, हवेचा विरोध आणि टायरचा विरोध मिळून, चाकांवर फक्त ७ ते ८ किलोवॅट लागतात, म्हणजे जेमतेम १० हॉर्सपॉवर! १०० ला तेच १२-१३ किलोवॅट होतात आणि १४० ला ३० च्या आसपास, कारण हवा कापायला लागणारी ताकद स्पीडच्या घनाने वाढते. म्हणजे १०० हॉर्सपॉवरचं इंजिन रोजच्या रस्त्यावर बराच वेळ आपल्या कुवतीच्या दहाव्या हिश्शावरच चाललेलं असतं, आणि पेट्रोल इंजिन सगळ्यात जास्त पेट्रोल वाया घालवतं ते नेमकं अशाच कमी लोडवर.

का ते सांगतो. पेट्रोल इंजिनला कमी ताकद द्यायला लावायची तर आपण त्याचा श्वास कोंडतो. ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटलची झडप मिटत येते आणि पिस्टनला त्या बारीक फटीतून हवा ओढावी लागते. सुई काढलेली एक इंजेक्शनची सिरिंज घ्या, तोंडावर बोट अर्धवट ठेवा आणि दांडा ओढून बघा, हाताला जो जोर लागतो तोच पिस्टनला दर फेरीत लागतो आणि तो पेट्रोल जाळूनच मिळतो. इनटेक मॅनिफोल्डला (थ्रॉटलपासून इंजिनकडे हवा नेणारी नळी) व्हॅक्यूम गेज लावलं तर हे डोळ्यांनी दिसतं, आयडलिंगला काटा पाऱ्याच्या १८-२० इंचावर असतो आणि पाय पूर्ण दाबला की शून्याजवळ येतो. त्याच गाडीत, त्याच गिअरिंगवर मोठं इंजिन बसवलं की ८० च्या स्पीडला काटा आधीपेक्षा वर राहतो, कारण मोठ्या इंजिनला तेवढ्याच कामासाठी जास्त कोंडावं लागतं. डिझेलमध्ये ताकद कमी-जास्त होते ती इंधन कमी-जास्त सोडून, त्यासाठी हवा अडवायची गरज नसते, म्हणून कमी लोडवरही ते बरं ॲव्हरेज देतं.

आकड्यात सांगायचं तर साधं पेट्रोल इंजिन दोन-अडीच हजार आरपीएमला चांगल्या लोडवर असेल तर एक किलोवॅट-तास कामाला साधारण २५० ग्रॅम पेट्रोल घेतं आणि अगदी हलक्या लोडवर तेच ४०० च्या पुढे जातं.

आता गिअरचं गणित, इथे नीट लक्ष द्या. टायरचा घेर १.८ मीटर धरला तर ८० च्या स्पीडला चाक मिनिटाला साधारण ७४० फेऱ्या मारतं. टॉप गिअर ०.८ आणि डिफरन्शियलचा (चाकांना फिरवणारा शेवटचा गिअर) रेशो ४.१ असेल तर इंजिन फिरतं २४०० च्या थोडं वर. जुन्या छोट्या इंजिनला तेवढं फिरणं गरजेचं होतं, नाहीतर चढावर दम निघाला असता. नवीन इंजिनकडे टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, जास्त आहे, मग त्याला त्याच आरपीएमला का फिरवायचं? डिफरन्शियल ३.५ चं केलं तर तोच स्पीड २०७५ च्या आसपास मिळतो, थ्रॉटल जरा जास्त उघडं राहतं, व्हॅक्यूम उतरतो, शिवाय पिस्टन आणि बेअरिंगचं घर्षणही कमी होतं. ८० ला त्याच्याकडून लागतो ३५-४० न्यूटन मीटर टॉर्क, आणि इंजिन त्या आरपीएमला १३० देत असेल तर दोन तृतीयांश ताकद अजून हाताशी आहे. फार हाव मात्र नको, आरपीएम अति खाली आणला तर इंजिन गुदमरतं, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होतं आणि प्रत्येक चढाला गिअर पाडावा लागतो, मग केलेलं सगळं फुकट.

वजनाची भीती मात्र लोक जरा जास्तच घेतात. १२०० किलोची गाडी थांबल्या जागेवरून ६० ला न्यायला लागणारी ऊर्जा आहे १६७ किलोज्यूल. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल असतात आणि त्यातले पाव चाकापर्यंत पोचले असं धरलं तर एका पिकअपला २० मिली, म्हणजे चार चमचे पेट्रोल, जे पुढच्या ब्रेकला गरम होऊन उडून जातं. नवीन इंजिन ६० किलोने जड असेल तर या चार चमच्यांत पाच टक्केच भर पडते, त्यापेक्षा ते वजन पुढच्या चाकांवर येतं, तिथल्या स्प्रिंग आणि ब्रेकची काळजी आधी करा.

टर्बोचं (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनमध्ये जास्त हवा दाबणारा पंखा) थोडक्यात, छोटं इंजिन रोजच्या चालीत जास्त लोडवर राहतं आणि गरज पडली की बूस्ट, म्हणजे त्या दाबलेल्या हवेचा जोर, मिळतो म्हणून कल्पना चांगलीच आहे, पण सतत बूस्टमध्ये चालवलं तर मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होतं आणि वाचलेलं सगळं तिथेच जातं.

आणि एक गोष्ट जी माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे ती म्हणजे इंजिनचं तापमान. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा धरून ठेवतो, पण इंजिन गरम झालं असं त्याला वाटलं तरच. मोठं इंजिन जुन्या रेडिएटरवर तापायला लागलं की काही जण सरळ थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकतात. मी एका गाडीला स्कॅनर लावून पाहिलं, तासभर चालवूनही कूलंट ६२ डिग्रीच्या वर जाईना, ईसीयू बिचारा इंजिन थंड आहे समजून जास्तीचं पेट्रोल सोडत होता. थर्मोस्टॅट परत बसवला, रेडिएटर जाड घेतला, कूलंट ८८ ला स्थिर झालं आणि मगच त्या इंजिनचं खरं ॲव्हरेज दिसलं.

मोजताना टाकी फुल ते टाकी फुलच मोजा, आणि इंजिन बदलायच्या आधीचे तीन-चार टाक्यांचे आकडे लिहून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार. टायरही बदलले असतील तर मीटर जीपीएसशी ताडून घ्या, घेर ४ टक्के वाढला की मीटर साधारण तेवढे किलोमीटर कमी दाखवतं आणि गाडी प्रत्यक्षात देत असलेलं ॲव्हरेज कागदावर पडलेलं दिसतं.