अमेरिकेत उपद्रवी वन्यप्राणी नियंत्रणासाठी सायलेन्सर: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाआधीची निवड

शेत, विमानतळ किंवा वस्तीलगत उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त करणाऱ्या व्यावसायिकांना अमेरिकेत सायलेन्सर, म्हणजे बंदुकीच्या नळीला लावायचं आवाज कमी करणारं साधन, वापरता येतो. मात्र १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टनुसार प्रत्येक सायलेन्सरची एटीएफ या केंद्रीय यंत्रणेकडे नोंदणी लागते. परवानाधारक विक्रेत्याकडून घेताना त्यासाठी फॉर्म ४ भरावा लागतो. त्यात मॉडेल, कॅलिबर (गोळीच्या जाडीचं माप), लांबी आणि अनुक्रमांक लिहिलेला असतो, म्हणून निवड अर्जाच्या आधीच पक्की हवी. मंजुरी येईपर्यंत वस्तू विक्रेत्याकडेच राहते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न नोंदणी कोणाच्या नावावर करायची, हा. वैयक्तिक नावावर केली तर मालक हजर नसताना सहकाऱ्याने तो सायलेन्सर जवळ बाळगणं गुन्हा ठरतो. दोन-चार माणसं आळीपाळीने रात्रपाळी करत असतील तर ही सोय कामाचीच नाही. अशा वेळी कंपनी किंवा ट्रस्टच्या नावे नोंदणी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कागद वाढतात, कारण प्रत्येक जबाबदार व्यक्तीला फॉर्म ५३२०.२३, फोटो आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. पण नंतर नाव बदलायचं म्हणजे हस्तांतराचा नवा अर्ज आलाच.

वैयक्तिक अर्जालाही अलीकडचा फोटो, बोटांच्या ठशांची दोन कार्डं आणि सरकारी ओळखपत्र लागतं. अर्जाची प्रत स्थानिक पोलीसप्रमुखाला पाठवायची असते. ती फक्त सूचना असते, त्यांची परवानगी लागत नाही. विक्रेत्याकडून घेणाऱ्याचं वय किमान २१ हवं. एक वर्षाहून अधिक शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात किंवा घरगुती हिंसाचारात दोषी ठरलेली व्यक्ती अपात्र असते. २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे, नोंदणी आणि तपासणी मात्र कायम आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई या राज्यांत सामान्य नागरिकांना सायलेन्सर बाळगता येत नाही.

निवडीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. .३० कॅलिबरचा सायलेन्सर त्याहून लहान कॅलिबरच्या रायफलींवरही चालू शकतो. एकाच नोंदणीत अनेक रायफलींचं काम भागतं, मात्र नळीला आटे हवेत आणि उत्पादकाने ठरवलेली दाबाची मर्यादा पाळायला हवी. .२२ रिमफायर या लहान काडतुसाच्या रायफलीसाठी उघडून साफ करता येणारा नमुनाच घ्या, कारण त्यात शिशाचा थर लवकर साचतो. सायलेन्सर आवाज साधारण २० ते ३५ डेसिबलने कमी करतो, पण ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा कडाका त्याला रोखता येत नाही. म्हणून वस्तीजवळ सबसॉनिक (ध्वनीपेक्षा कमी वेगाची) काडतुसं आणि बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने खिटी ओढायची रायफल, ही जोडी उपयोगी पडते. कानांचं संरक्षण तरीही वापरावंच.

प्राणी मारण्याची परवानगी ही पूर्णपणे वेगळी बाब आहे. ती राज्याच्या वन्यजीव विभागाकडे असते आणि रात्रीचा गोळीबार, ठिकाण, प्राण्यांची संख्या यांवरचे नियम प्रत्येक राज्यात निराळे असतात. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखालील पक्ष्यांसाठी फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या केंद्रीय यंत्रणेची नुकसान-नियंत्रण परवानगी लागते. त्या अर्जासोबत कृषी खात्याच्या वाइल्डलाइफ सर्व्हिसेसची शिफारस जोडायची असते. ती मिळवायला वेळ लागतो, म्हणून फॉर्म ४ च्या निकालाची वाट न पाहता हा अर्ज सोबतच सुरू करावा.